शेवटच्या पानावरचा फिनबार

पुस्तकं आली ती थेट प्रकाशनाच्या दिवशी सकाळी. फेलिमला मी कितीदा बजावलं होतं, बाबा रे, आठवडाभर आधी पाठव. पण ऐकेल तर तो प्रकाशक कसला! गॉलवेहून स्वतः गाडी हाकत आला, खोकं माझ्या पुस्तकांच्या दुकानातल्या काउंटरवर आदळलं आणि म्हणाला, "डिम्फ्ना, चहा टाक ना." तुझ्या डोंबलाचा चहा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण गबनिट तिथेच उभी होती आणि दिवस तिचा होता, म्हणून गप्प बसले आणि किटली लावली.

गबनिट हॅरिंग्टन माझी शाळेपासूनची मैत्रीण. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते. आजवर दुसऱ्यांच्या गोष्टींना काढली, हे पहिलंच पुस्तक सगळं तिचं. एक आई रोज संध्याकाळी धक्क्यावर दिवा घेऊन उभी राहते, मुलगा मासेमारीच्या बोटीवर गेलेला असतो, एवढीच गोष्ट. आमच्या बेअराच्या बंदरात ती गोष्ट कोणाची हे कोणी विचारणार नाही. गबनिटचा थोरला भाऊ फिनबार एकोणिसाव्या वर्षी बोटीवर गेला तो गेलाच. बोटीच्या फळ्या सापडल्या, तो नाही सापडला. नोनी हॅरिंग्टन म्हणजे त्याची आई. तिला फुलं ठेवायला कबरसुद्धा नाही. तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव कोणी काढत नाही.

"आधी हे ऐका," म्हणत फेलिमने खिशातून मासिकाचं कात्रण काढलं. छापून आलेल्या पहिल्या प्रती त्याने डब्लिनच्या समीक्षकांना धाडल्या होत्या. लेखिकेला एकही नाही, शहाणा माझा! "काय लिहिलंय बघा. 'शेवटच्या जोडपानावर नुसता रिकामा समुद्र ठेवण्याचं धाडस आपल्याकडच्या बालसाहित्यात क्वचितच दिसतं.' पुरस्काराच्या यादीतही येईल असं बोलतायत म्हणे."

"रिकामा?" गबनिट म्हणाली. "रिकामा कुठाय?"

तिने खोकं फाडलं, वरचीच प्रत घेतली आणि शेवटचं पान उघडलं. डावीकडे समुद्र, उजवीकडे समुद्र. बाकी काही नाही. तिचा चेहरा खाडकन उतरला.

"शिवणीत गेला," ती म्हणाली. "अगं, बोटीवरचा मुलगा मधल्या शिवणीत गेला."

चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की जोडपानाच्या मधोमध महत्त्वाचं काही काढायचं नाही, बांधणी ते गिळून टाकते. गबनिट स्वतः हे पोरांना शिकवते! मी बोललेच, "अगं बाई, तू? तुझ्याकडून हे?"

"आधी उजवीकडे काढला होता," ती म्हणाली. "मग वाटलं, उजवीकडे असला तर पान उलटलं की गेला. डावीकडे काढला तर पाठ फिरवून चाललाय असं दिसायचं. मला तो जायलाच नको होता गं. म्हणून अगदी शेवटच्या दिवशी मधोमध आणला." आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "आधी समुद्राने घेतला. आता मी."

फेलिम पांढरा पडला. त्याने ते चित्र कॉम्प्युटरवर सपाट पाहिलं होतं, त्याला कुठली शिवण दिसणार? "पुढच्या आवृत्तीत सरकवू," तो पुटपुटला. मग समीक्षकांचं नाव काढून म्हणाला, "आणि तसं पाहिलं तर रिकामं पानसुद्धा..."

"फेलिम, तोंड आवर," मी म्हटलं. त्याने आवरलं.

"मम्मी शहाऐंशीची आहे," गबनिट म्हणाली. "तिला कसली पुढची आवृत्ती? आणि मी तिला सांगून बसलेय, शेवटच्या पानावर तो आहे म्हणून. कालपासून केस सेट करून बसलीय ती."

कार्यक्रम रद्द करू म्हणाली. मी ऐकलं नाही. सँडविच झाली होती, शाळेतली पोरं येणार होती, आणि नोनी हॅरिंग्टनला कोणी सांगायचं की येऊ नका? माझी तर बिशाद नव्हती.

दुपारी दुकान भरलं. पोरं गालिच्यावर, मोठी माणसं वाइनचे पेले घेऊन मागे, आणि नोनी माझ्या एकुलत्या एका बऱ्या खुर्चीत, चांगला कोट घालून. गबनिट पानं पोरांकडे करून वाचत होती. आवाज ठीक होता, पण शेवट जवळ आला तशी ती हळू हळू होत गेली. शेवटचं पान उघडलं. "आणि आईने दिवा वर धरला," एवढं वाचलं आणि थांबली.

पुढच्या रांगेतली साईव नावाची चिमुरडी लगेच म्हणाली, "मुलगा कुठाय?"

फेलिम घसा खाकरून म्हणाला, "तो म्हणजे, आपण मनात कल्पना करायची."

"ही कसली गोष्ट?" साईव म्हणाली. मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

"आण इकडे," नोनी म्हणाली.

"मम्मी, राहू दे. छपाईत जरा..."

"आहे म्हणाली होतीस ना? मग आण."

गबनिटने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. नोनीने चष्मा वर सारला, नाक पानाला टेकेल इतकी वाकली. डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं, परत उजवीकडून डावीकडे. घाई नाही की काही नाही. मग तिने दोन्ही तळवे मधोमध टेकवले आणि सगळा भार घालून दाबलं. पुस्तकाची पाठ कडकन मोडली. माझ्या दुकानात पुस्तक कोणी नुसतं जास्त ताणलं तरी मी हातातून काढून घेते. त्या दिवशी मी जागची हलले नाही. तिने आणखी दाबलं, शिवणीचे दोरे दिसायला लागले.

"हा काय," ती म्हणाली.

बोटाच्या पेराएवढी बोट, आणि तिच्यात उभा राहून हात हलवणारा मुलगा.

"टोपी नाही घातली बघ," नोनी म्हणाली. "सांगून सांगून दमले मी. असाच उघड्या डोक्याने निघायचा, फिनबार."

त्या घराबाहेर किंवा आत, तो गेल्यापासून ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. गबनिट तिथेच गालिच्यावर बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. साईव उठून आली, वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आहे! आतमध्ये आहे!" मग काय, एकेक पोर रांगेत येऊन बघून गेलं. नोनी प्रत्येकाला दाखवत होती, बाळंतिणीने बाळ दाखवावं तशी.

संध्याकाळी निघताना गबनिट म्हणाली, "दे मम्मी, त्यावर सही करून देते."

"नको. तू ते मिटशील."

"नाही मिटणार."

"नको म्हटलं ना. दोरा तुटलाय, मी धरलंय ते बरंय."

मीच त्यांना घरी सोडलं. नोनी मागच्या सीटवर बसली होती, पुस्तक मांडीवर उघडं आणि दोन्ही तळवे पानांवर दाबलेले. वळणावर मी जरा जोरात गेले तर मागून ऐकू आलं, "हळू गं, मेले!"

दाराशी गाडी थांबवली. गबनिटने उतरून मागचं दार उघडलं आणि आईला हात दिला. नोनीने हात घेतला नाही. ती खाली पानाकडे बघत होती.

"चल रे," ती म्हणाली, "घर आलं."