गोठलेली पंगत

निवृत्तीनंतर पिपरी मेघेत घर बांधलेल्या रूपरावांना दुपारी झोप येत नसे, म्हणून ते संगणकावर अणू थंड करत बसत. पडद्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा तो ग्राफाइटचा पृष्ठभाग, आणि त्याला चिकटलेले निळे ठिपके म्हणजे वायूचे अणू. तापमान चढं असलं की ते जत्रेतल्या माणसांसारखे वाटेल तिकडे भटकत. तेच हळूहळू उतरवत नेलं की एका क्षणी सगळे आपापलं घर धरून बसत, दर तीन घरांतलं एक भरलेलं, दोन रिकामी. त्या क्षणाचं गणित रूपरावांनी ऐन उमेदीत मांडलं होतं. छापून आलं तेव्हा वर नाव विभागातले सहकारी तानबाजी यांचं एकट्याचं होतं, आणि रूपरावांचं शेवटी, आभारांत. तानबाजी पुढे विभागप्रमुख झाले आणि आता मागच्याच गल्लीत राहत. कल्पना मुळात आपलीच होती ना, ही शंका रूपरावांना अजूनही कुरतडे. रागाला मात्र कधीच शंका आली नाही.

एका दुपारी त्यांनी एक ठिपका लाल केला, शेजाऱ्यांना त्याची वाटणारी ओढ पुसली आणि तिथे दुरावा लिहिला. नाव मनातच ठेवलं. तापमान उतरलं, निळे ठिपके गोठले, आणि लाल ठिपका कडेकडेने फिरत राहिला.

संध्याकाळी तानबाजी पारावर येऊन बसले, तशी माणसं बोलता बोलता सरकली. कुणी रुसलेलं नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"काऊन जी, मले खरूज झाली का?" तानबाजी हसत म्हणाले.

"नाई जी, तुमी मोठे मानूस, ऐसपैस बसा," गल्लीतला धीरज म्हणाला. सगळे हसले, पण कुणी परत जवळ आलं नाही.

रूपराव घाबरले. योगायोग असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि शहानिशा करायची म्हणून दुसऱ्या दिवशी दुरावा दुप्पट केला. मग दूधवाला तानबाजींचं दार विसरू लागला. शेजारच्या भावनाने गिरडच्या दर्ग्यावर नवस फेडायचं आमंत्रण घरोघर दिलं, राहिलं ते फक्त तानबाजींचं फाटक. तानबाजी वाळत चालले, आणि रूपरावांना कित्येक वर्षांत लागली नव्हती तशी भूक लागू लागली. त्यांनी तापमान आणखी उतरवलं.

गिरडच्या टेकडीखाली, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत बसली. पत्रावळींमधली अंतरं तंतोतंत सारखी होती, आणि ती कुणी आखून दिलेली नव्हती. रूपराव मध्ये बसायला गेले, तर दोन्हीकडची माणसं गप्पा न थांबवता सरकली आणि जागा मिटली. दुसरीकडेही तेच. शेवटी ते पंगतीपासून दूर, एकटेच पत्रावळ घेऊन बसले.

बिनआमंत्रणाचे तानबाजी रांगेच्या कडेने चालत आले आणि त्यांच्याशेजारी टेकले.

"ठिपके मांडताना सोताले कुठं ठेवलं होतं, रूपराव?"

हे रूपरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि मांडणाऱ्यालाही एक घर द्यावं लागतं, हे आयुष्यभर त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मी मांडले तवा मीबी नव्हतं ठेवलं," तानबाजी म्हणाले.

वांग्याच्या भाजीची बादली घेऊन मनकर्णाबाई वाढत येत होत्या. रूपरावांनी बायकोला हाक मारली. त्या थांबल्या, वळल्या, नवऱ्याच्या अंगावरून नजर फिरवत त्यांनी पंगतीकडे पाहिलं.

"कोनी राह्यलं तर नाई ना वाढाचं?"

"नाई," सगळी पंगत एका आवाजात म्हणाली.