सहाव्या बोल्टचा रंग

बाबांनी आयुष्यात कधी बोल्ट कापू दिला नाही. कितीही गंजलेला असो, तेल पाजा, तापवा, हातोडीनं चुचकारा, पण कापायचा नाही. "कापता काय, कसाई आहात का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून त्या सकाळी खुर्चीतून ते "सहावा सरळ कापून टाक" म्हणाले, तेव्हा मला वाटलं, झालं, म्हातारचळ लागला.

मी गाडीखाली पाठीवर आडवी होते. घरची जुनी गाडी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिची बॉडी खालच्या लोखंडी सांगाड्यावर आठ बोल्टांनी बसवलेली आणि मध्ये रबराचे जाड बुश. अठरा वर्षं शेडमध्ये उभं राहून त्या रबरांचा चुरा झाला होता. ते बदलायचे तर आठही बोल्ट सुटायला हवेत. तीन दिवस मी त्यांना तेल पाजत होते. पाच सुटले, तेही माझ्या तोंडच्या शिव्या ऐकून. परवा दादा येणार होता, अठरा वर्षांत पहिल्यांदा, आणि मला त्याला स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं होतं. हट्टच होता माझा.

हट्टाला कारण होतं. हेच बुश आम्ही बहीण-भावानं मागे एकदा बदलले होते. डावी बाजू त्याची, उजवी माझी. दुसऱ्या दिवशी बाबा गाडी घेऊन निघाले, वळणावर बॉडी सांगाड्यावरून सरकली, स्टिअरिंग अडकलं आणि गाडी भिंतीवर गेली. बाबांचा गुडघा कायमचा कामातून गेला.

आमच्या गॅरेजची एक रीत आहे. बोल्ट पक्का आवळला की त्याच्या डोक्यापासून शेजारच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. बाबांची पांढरी, दादाची पिवळी, माझी लाल. बोल्ट पुढे सैल पडला तर फिरतो आणि रेघ तुटते. दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा कुबडी घेऊन आधी शेडमध्ये गेले. मग आम्हाला बोलावून त्यांनी पुढचा डावा कोपरा दाखवला. बोल्ट बोटभर बाहेरच, आणि त्यावरची पिवळी रेघ अखंड. म्हणजे न आवळताच रंग लावलेला. दादा एवढंच म्हणत राहिला, "हा मला आठवतच नाही." पण रेघ समोर होती. महिनाभरात तो घर सोडून गेला. माझ्या दुप्पट चांगला हात होता त्याचा, आणि तो पडद्यांच्या कापडाच्या दुकानात कापड मोजायला उभा राहिला. पाना पुन्हा हातात धरला नाही.

"कापायचा कशाला?" मी खालून ओरडले. "अजून पानासुद्धा लावला नाही."

"एकदा तरी बापाचं ऐक."

"तुमचंच ऐकतेय. चाळीस वर्षं जे शिकवलंत ते."

मी तारेचा ब्रश घेतला आणि त्याच पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या, सहाव्या बोल्टचं डोकं घासायला लागले. दुसऱ्याच फटक्याला पिवळा रंग अख्खाच्या अख्खा सुटून माझ्या गालावर पडला. एवढा सहज कसा निघाला म्हणून बोट फिरवलं, तर खाली जुनं चिकट तेल. तेलावर रंग धरत नाही, हे दादाला झोपेतही ठाऊक होतं. तो पुसल्याशिवाय ब्रश टेकवत नसे. मी फडक्यानं तेल पुसलं.

खाली लाल रेघ होती. सरळ. अखंड.

 मग आठवलं, आणि आठवलं ते सगळंच. गिऱ्हाईक आलं म्हणून दादा बाहेर गेला होता. मी त्याच्या बाजूला सरकले, कोपऱ्यातला बोल्ट हातानं बसवला, आणि माझ्या लाल रंगाचा डबा उघडाच होता म्हणून रेघ आधी ओढली. आवळणार होते. मग दादानं बाहेरून हाक मारली आणि मी उठून गेले. एवढंच. अठरा वर्षं मला हे आठवलं नव्हतं, की मी आठवू दिलं नव्हतं, देव जाणे.

मी सरपटत बाहेर आले. बाबांनी माझ्या गालावरचा पिवळा तुकडा पाहिला आणि मान खाली घातली.

"तुम्ही लावलात?"

"हो."

"बाबा!"

"लोक आधीच म्हणत होते, पोरीच्या हातात गाड्या कशाला देता. तुझ्या नावावर हे लागलं असतं तर कुणी सायकलसुद्धा सोडली नसती तुझ्याकडे. तो मुलगा. वाटलं, तो कुठंही निभावून नेईल."

"आणि नेलं का त्यानं?"

 मला त्यांची खुर्ची उलथून टाकावीशी वाटली. त्याहून जास्त, माझाच हात ठेचून घ्यावासा वाटला. तशाच तेलकट हातानं फोन उचलला. विचार करत बसले असते तर हा फोन कधीच झाला नसता.

"दादा, सहाव्या बोल्टवर, त्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या, लाल रेघ आहे. पिवळ्याच्या खाली. मी ओढली होती, न आवळता."

पलीकडे दुकानातली कात्री चालू होती. ती थांबली.

"पिवळी कुणी लावली?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर उचलली नाही, पण मान हलवली. सांग म्हणून.

"बाबांनी."

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.  मग त्रेपन्न वर्षांच्या माझ्या भावाचा लहान मुलासारखा आवाज आला.

"म्हणजे माझे सगळे आवळलेले होते?"

"सगळे, दादा."

"नक्की?"

"तुझे दोन काढलेत मी आज. पान्याला पाइप लावून लोंबकळावं लागलं."

तो हसला की रडला, कळलं नाही. बाबा मात्र तोंडाशी पंचा धरून रडत होते, आणि मी त्यांना पाणी दिलं नाही.

"ऐक," दादा म्हणाला. "परवा रिक्षानं येईन मी. गाडी आणू नकोस."

"का रे?"

"त्या सहाव्याला हात लावू नकोस. मी येऊन काढतो. माझा पाना आहे का अजून?"

पाना भिंतीवर त्याच्याच खिळ्याला होता. मी तो उतरवला आणि पुसायला घेतला.