वाडीला ऐकू जाईल असा सायलेन्सर

डॉक्टर महिपती ओव्हाळांच्या मॉरिसचा सायलेन्सर गळून पडला तो कामशेतच्या भर बाजारात, तांदळाच्या दुकानांसमोर. आधी खरडल्यासारखा आवाज आला, मग एक मोठा बार झाला आणि गंजलेला तो डबा गडगडत जाऊन एका बैलाच्या पायाशी थांबला. बैल बिचारा शांत उभा होता, माणसंच सैरावैरा झाली. डॉक्टरांनी खाली उतरून डबा उचलला आणि चटका बसताच तसाच टाकून दिला. बाजाराला आठवडाभर पुरेल एवढी करमणूक झाली.

खरं तर डॉक्टरांना मनातून बरंच वाटलं. लोणावळ्याच्या एका पारशीणबाईंकडून ही गाडी घेतली तेव्हापासून तो डबा फुटकाच होता. वडील बेगडेवाडीजवळ रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकत जन्मभर राबले, आणि पोराच्या दारात मोटार उभी राहिली. त्या मोटारीनं गावभर खोकत फिरावं हे डॉक्टरांच्या जिवाला लागायचं. तळेगावचे डॉक्टर लोक तिला ‘ओव्हाळांचा पेशंट’ म्हणायचे. हसायचे सगळ्यांबरोबर डॉक्टरही, पण घरी आल्यावर बायकोजवळ धुसफुसायचे.

तेव्हा नवा सायलेन्सर घ्यायचा हे ठरलं. कुठला, हाच काय तो प्रश्न होता. हे सदुसष्ट साल. विलायतेहून सुटे भाग येणं जवळजवळ बंदच झालेलं, त्यामुळे कंपनीचा अस्सल डबा मिळायची आशा नव्हती. मिळेल त्यातून निवडायचं.

लोणावळ्यात हमरस्त्याला केरबा मिस्त्रीचं गॅरेज होतं. खंडाळ्याचा घाट चढून वाफा टाकत आलेल्या गाड्या तिथे पाणी प्यायला थांबत, आणि थांबलेल्या गाडीत केरबाला काही ना काही बिघाड सापडेच. त्यानं डॉक्टरांपुढे दोन डबे मांडले.

“ह्यो पुण्यात बनलेला. आत काचेची लोकर ठासलीया. लावला की इंजन चालू हाय का बंद, ते तुमाला सोताला कळायचं न्हाई. आन् ह्यो दुसरा, मुंबईच्या एका शर्यतवेड्या शेटनी काढून टाकलेला. आत कायच न्हाई, नुसता पोकळ. गाडी अशी पळंल का बास!”

डॉक्टरांना प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड. त्यांनी एकेक डबा चालू गाडीला लावायला सांगितला, गळ्यातली नळी कानात घातली आणि दुसरं टोक सायलेन्सरवर ठेवून, उकिडवे बसून, डोळे मिटून ऐकू लागले. रस्त्यानं जाणारे थबकून बघत होते. केरबा गंभीरपणे म्हणाला, “साहेब, दमा हाय का न्युमोनिया?”

“मिस्त्री, हा आवाज आत मरतो तो कुठे जातो हो?”

“लोकरीत जिरतो. पर लय जिरवला का इंजनाचा श्वास कोंडतो, मग चढाला दम न्हाई राहत. मोकळा सोडला का बोंबलतंय. दोन्हीच्या मधलं धरायचं, ही खरी कारागिरी.”

डॉक्टरांनी मधलंबिधलं काही धरलं नाही. त्यांनी सरळ लोकरीचा डबा बसवून घेतला आणि कामशेतपर्यंत इतके अलगद आले की बायकोनं विचारलं, “गाडी तिथेच ठेवून आलात का?” डॉक्टर असे खूश झाले की विचारू नका.

आता इथे बाया नावाच्या एका बाईची गोष्ट सांगायला हवी, कारण सायलेन्सरची खरी झळ तिला बसायची होती.

डॉक्टर आठवड्यातून दोनदा पवना नदीच्या बाजूला फेरी मारत. खिंड चढून जायचं, पलीकडच्या गावात पेशंट तपासायचे आणि परतताना रस्त्याकडेच्या एका मोठ्या जांभळीखाली गाडी उभी करायची. वरच्या पठारावर ठाकर आदिवासींची वाडी होती. वाडीतले लोक तिथे उतरून येत. त्यांच्यात कोंडूची बायको बाया होती. तिला क्षय होता. पदरात चिंगी नावाची लहान मुलगी. सुया सुरू झाल्यापासून तिचा ताप उतरला होता, अंगावर थोडं मांस धरू लागलं होतं. पण या रोगाचं एक वाईट असतं. सुया मध्येच तुटल्या तर तो असा माजतो की पुढे औषधालाही जुमानत नाही. बाया वाचणार की जाणार, ते त्या सुया चुकण्या न चुकण्यावर होतं.

नव्या डब्याच्या पहिल्याच फेरीला जांभळीखाली कोणी आलं नाही. डॉक्टरांनी वाट पाहिली, चिडले, निघून गेले. दुसऱ्या फेरीलाही तेच. “या लोकांना जिवाची किंमतच नाही,” असं स्टिअरिंगला ऐकवत ते परतले.

दुसऱ्या दिवशी कोंडू मीठमिरची घ्यायला कामशेतला आला तो थेट दवाखान्यात. डॉक्टरांना त्यानं नखशिखांत न्याहाळलं.

“डाक्तर, बरं हाय ना आता?”

“कोणाला?”

“तुमाला! दोन येळा आला न्हाईत. वाडीत समद्यांना वाटलं, डाक्तर पडला आजारी. माज्या आयनं तुमच्यासाठी नवस बी बोललाय.”

“अरे, मी दोन्ही वेळा आलो होतो!”

“मग गाडी वाजली कशी न्हाई?”

डॉक्टरांनी त्याला बसवून सगळं विचारून घेतलं. त्यांना आजवर ठाऊक नव्हतं ते आता उलगडलं. दवाखान्यातल्या गर्दीमुळे ते कधी सकाळी निघत, कधी उन्हं कलल्यावर. आधी येऊन बसावं तर वाडीकरांचा अख्खा दिवस मोडे. म्हणून त्यांनी आपली रीत पाडली होती. मॉरिस खिंड चढताना फाट-फाट करी ती वर पठारावर स्वच्छ ऐकू जाई. आवाज आला की हातातलं काम टाकायचं आणि निघायचं. डॉक्टर पलीकडचं गाव करून परत येईपर्यंत मंडळी जांभळीखाली हजर. ज्या आवाजाची डॉक्टरांना लाज वाटत होती, तो वाडीची घंटा होता.

डॉक्टरांना स्वतःचं हसू आलं, पण ते टिकलं नाही. बायाच्या दोन सुया बुडाल्या होत्या. त्यांनी घाईनं लोणावळा गाठलं आणि तो शर्यतीचा पोकळ डबा लावून घेतला. आवाजच हवा ना? मग घ्या!

पुढच्या फेरीला खिंड नुसती दणाणली. वाडीच काय, देवसुद्धा खाली उतरतील असं डॉक्टरांना वाटलं. चढ संपता संपता त्यांनी वर पाहिलं तर उतारावरून माणसं खरोखरच धावत होती, पण खाली नव्हे. डोक्यावर मडकी, काखेत डबे, आणि सगळी रानाकडे पळत होती.

जांभळीपाशी एकटी बायडाबाई भेटली. ही कोंडूची आई, बायाची म्हातारी सासू. गुडघ्यांनी साथ सोडलेली, करवंदं विकायला सकाळीच खाली येऊन बसली होती, म्हणून पळू शकली नव्हती. मॉरिस तिच्यापुढे थांबली तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले होते.

“सायेब, आमच्याकडं कायबी न्हाई बघा... आं? डाक्तर? तुमी व्हय!” तिनं कपाळावर हात मारला. “मुडद्या, आमाला वाटलं दारूबंदीवाल्याची जीप आली! समदी ओतली आसंल की रं! चांगली उतरलेली व्हती!”

‘मुडद्या’ हे डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी विचारलं, “बाया कुठाय?”

“पळाली की. तीच म्होरं. मडकं घिऊन.”

“मडकं घेऊन? पळाली?”

“मग काय करंल? आता काळोख पडंस्तोवर कोण रानातनं यायचं न्हाई.”

फुप्फुसात भोक असलेली बाई मडकं घेऊन चढ पळत गेली, आणि तेही आपल्या गाडीच्या धाकानं. डॉक्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला. तिसरी सुईही गेली. आता चौथी चुकली तर आजवरचं सगळं पाण्यात, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी मग एक शहाणपणाचा निर्णय घेतला. सायलेन्सर आपण निवडायचाच नाही. ऐकणारे वर बसतात, तर तो वरूनच निवडायचा. दुसऱ्याच दिवशी दवाखान्याला कुलूप लावून ते केरबाला घेऊन आले. केरबानं रात्रीतून पत्रा वळवून स्वतःच्या हातचे दोन डबे केले होते, तिसरा लोकरीचा बरोबर घेतला होता. तो खाली राहून एकेक डबा बदलत खिंड चढणार, डॉक्टर वाडीत बसून लोकांबरोबर ऐकणार, आणि एकदा आवाज पसंत पडला की सगळे मिळून खाली यायचं, असा बेत ठरला. डॉक्टरांना तर एखाद्या प्रयोगाला निघाल्यासारखा हुरूप आला होता. आपली गाडी लांबून कशी वाजते ते त्यांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

आदल्या दिवशी बायडाबाईजवळ निरोप दिला होता, त्याप्रमाणे कोंडू त्यांना न्यायला आला. जांभळीपासून पाऊलवाट सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर डॉक्टरांचा हुरूप खाली राहिला. वाट म्हणजे सुटे दगड आणि उभा चढ. कोंडू तोंडात काडी धरून गप्पा मारत चालला होता. डॉक्टर ‘हूं’ म्हणायलाही श्वास वाचवत होते. एका कातळावर ते धापा टाकत बसले.

“अजून किती रे?”

“आता तर निघालो, डाक्तर.”

बसल्या बसल्या त्यांना बायाला पहिल्या दिवशी दिलेला सल्ला आठवला. जिने चढू नकोस, ओझं उचलू नकोस, दुपारी पडून राहा. जिने! या सगळ्या मुलखात एक जिना नव्हता. बाया मुकाट ‘व्हय’ म्हणाली होती आणि मुलीला कडेवर घेऊन याच वाटेनं वर गेली होती. डॉक्टर उठले आणि कोंडूच्या मागून चालू लागले.

वाडीत मात्र जत्रा भरली होती. डॉक्टर वर आला हीच अपूर्वाई. घोंगडी अंथरली, गुळाचा काळा चहा आला. बाया झोपडीच्या दारात बसून हसत होती, पण कालच्या पळण्यानं तिचा चेहरा उतरला होता. सावळा आणि बहिरू, दोघं भाऊ, कडेला दगडावर चढून कान टवकारून बसले.

खालून पहिला आवाज आला. लोकरीचा डबा. पोरांनीसुद्धा श्वास रोखले तेव्हा कुठे भुंग्यासारखं काही गुणगुणलं.

“ह्यो चोराचा,” सावळानं निकाल दिला.

बराच वेळ गेला. डबा निवायचा, बदलायचा. मग दुसरा आवाज खिंडीतून वर आला, जाड आणि घुमणारा.

“ह्यो लग्नाच्या यष्टीवानी,” बहिरू म्हणाला. “कुटल्या बी यष्टीला फसू आपण. न्हाई चालायचा.”

डॉक्टर रंगून गेले होते. खालच्या वळणावर आवाज दबतो, खिंडीच्या तोंडाशी एकदम उघडतो, समोरच्या डोंगरावर आपटून परत येतो. आपल्या एवढ्याशा गाडीचा आवाज आपल्या आधी इथे पोचून राहतो, याचं त्यांना लहान मुलासारखं नवल वाटत होतं.

तिसऱ्या डब्याला केरबानं कुठेतरी जाणूनबुजून भोक ठेवलं असावं. आवाज फार मोठा नव्हता. पण चढ लागताच फाट-फाट, फाट-फाट, मध्ये एक ठोका चुकल्यासारखा, आणि पुन्हा फाट-फाट.

“ह्योच! ह्योच!” सगळी वाडी एकदम ओरडली. बहिरूनं टोपी उडवली. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. ते बायाकडे वळले.

बाया दारात नव्हती. तिनं चिंगीला कडेवर घेतलं होतं, डोक्यावर पदर ओढला होता आणि ती पाऊलवाटेला लागलीही होती. आवाज आला होता. ती निघाली होती.

“अगं बाया, कुठे चाललीस? मी इथे आहे ना!”

लोक खो खो हसले. बायाही थांबली, लाजून हसली आणि हसता हसता खोकू लागली. वाकून, गुडघ्यावर हात टेकून खोकत राहिली. कोंडूनं पुढे होऊन चिंगीला घेतलं. खोकला थांबल्यावर बायानं तोंड पुसलं.

“पर डाक्तर, सुई तर खाली गाडीतच हाय नव्हं? जायाला तर लागंलच की.”

डॉक्टरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. बॅग खरंच गाडीत होती. ती नेहमी गाडीतच असायची. ऐकायला ते एवढा डोंगर चढून आले होते, आणि सुई वर आणायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. कालपर्यंत ते वाडीवर चिडत होते, आवाजावर चिडत होते. आता कोणावर चिडावं ते कळेना. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली.

“तू बस,” ते म्हणाले. “उठायचं नाही. कोंडू, हिला उठू देऊ नकोस.”

ते एकटेच उतरले. वाटेत दोनदा घसरले. जांभळीखाली केरबा काळे हात पुसत फुशारकीनं उभा होता.

“मग? तिसराच ना? म्या म्हनलंच व्हतं. पक्का बसवू?”

डॉक्टरांनी मागचं दार उघडून बॅग काढली, खांद्याला अडकवली.

“लोकरीचा बसवा.”

“त्यो? अवो, मग वरच्यास्नी कळायचं कसं तुमी आलाय म्हनून?”

“मी वर गेलो की कळेल,” डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा चढाला लागले.