गौरम्माची ओळ

"तक्त्यातून एक ओळ काढली की तिचा उभा रकानाही काढायचा," गुरप्पा सर म्हणाले. "शनिवारपर्यंत फॉर्म आला नाही तर गौरम्माला वगळा. एकोणतीस जणींवर भागवू."

भागवू म्हणे! मी पेन्सिल जरा जोरातच आपटली.

सरांनी दहा वर्षांपूर्वी, सदुसष्ट साली, आमच्या अकरावीच्या वर्गाला एक प्रश्न विचारला होता : बाकावर शेजारी कोण हवी? प्रत्येकीनं तीन नावं लिहायची. तेव्हा ते शाळेत नवे मास्तर होते. आता ते कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि मी त्यांच्या हाताखाली आहे. त्याच तीस जणींना त्यांनी यंदा फॉर्म धाडले : आता तुम्ही पत्र कुणाला लिहिता? दोन प्रश्नांचे दोन तक्ते, तीस आडव्या ओळी, तीस उभे रकाने. जिला बाकावर मागितलं होतं, तिला आज पत्र जाण्याची शक्यता किती वाढते, हे रिग्रेशननं काढायचं.

मला वाटलं होतं, त्यात काय एवढं. आठशेसत्तर जोड्या, एक रेघ, तिचा उतार म्हणजेच ती वाढ, झालं. सर हसले.

"वच्छलाबाई, या आठशेसत्तर सुट्या नाहीत की! एखादी बोलघेवडी असली तर तिची अख्खी ओळ भरते. सगळं एकमेकींत अडकलंय. पुस्तकातलं नेहमीचं सूत्र इथं फसवतं."

मग त्यांनी नवी रीत शिकवली. तीस नावांच्या चिठ्ठ्या डब्यात हलवायच्या, निघतील तशा पत्रांच्या तक्त्यावर लावायच्या. मुलगी हलली की तिची ओळ आणि तिचा रकाना बरोबरच हलला पाहिजे. बाकांचा तक्ता जागचा हलवायचा नाही. पुन्हा उतार काढायचा. असं दोनशे वेळा. आपला खरा उतार इतका मोठा की निव्वळ योगायोगानं तो क्वचितच येतो, असं दिसलं तर मैत्री टिकली म्हणायची.

महिनाभर दुपारच्या उकाड्यात मी चिठ्ठ्या हलवत बसले. गौरम्माची ओळ कोरीच होती, तरी शिकण्यापुरती तिची चिठ्ठी मी डब्यात ठेवली होती. कधी माझ्या जागी ती यायची, कधी तिच्या जागी मी. खरं सांगते, तेवढ्यानंही बरं वाटायचं. माझा फॉर्म मी सगळ्यांत आधी भरला होता. बाकावर तेव्हा पहिलं नाव गौरम्माचं होतं, आणि आता पत्राच्या रकान्यातही तिच्याच नावापुढे मी 'लिहिते' म्हणून एकचा आकडा मांडला होता. आता तिला वगळायचं म्हणजे तो आकडाही जाणार होता. तिनं माझं नाव लिहिलंय का, एवढंच मला हवं होतं. उताराचं मला काही पडलं नव्हतं.

शुक्रवारी मी मंगळवार पेठेत तिच्या भावाच्या डाळींच्या दुकानात गेले. माझ्या घरापासून दहा मिनिटांची वाट, आणि मी सहा वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. तिचं लग्न झाल्यावर तिनं आधी पत्र लिहावं, असा माझा हट्ट. तिनं लिहिलं नाही, मग मीही नाही.

तिच्या भावानं, चनबसप्पांनी, मला ओळखायला जरा वेळ घेतला.

"फॉर्म? तो तर मी कवाच तिच्या सासरी, अक्कलकोटकडं पोचता केला की. तिनं भरून धाडला बी. लई दिवस झाले."

"गौरम्माच्या नावाचा एकही आला नाही दादा."

"गौरम्मा कुटं हाय आता? सासरी नाव बदललं न्हवं! चन्नम्मा म्हणत्यात तिला."

मी चहासुद्धा न घेता कॉलेज गाठलं. यादीत नसलेल्या नावाचे फॉर्म सर 'परके' लिहिलेल्या फायलीत टाकत. कुणी आपला फॉर्म जावेला देई, कुणी नणंदेला, तसलेच ते. बाकी जणींनी कंसात माहेरचं नाव लिहिलं होतं. हिनं नव्हतं लिहिलं. तिसराच फॉर्म, चन्नम्मा. अक्षर बघताच माझे डोळे भरून आले. नावाखाली रेघ आणि रेघेच्या दोन्ही टोकांना टिंबं, शाळेतल्यासारखीच.

पत्राच्या रकान्यात शून्य होतं. खाली लिहिलं होतं :

'पत्र कुणालाच लिहीत नाही. आमच्या घरात सुनांनी पत्र लिहिलेलं चालत नाही, खोटं कशाला सांगू. दर नागपंचमीला माहेरी येते. वच्छी येईल म्हणून संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसते. ती कामात असणार.'

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

मग तक्ता पुढे ओढला. गौरम्माची ओळ भरली, तिचं स्वतःचं सोडून एकोणतीस घरं, सगळी शून्यं. आणि माझ्या ओळीत, तिच्या रकान्यातला तो एक खोडला. सहा वर्षांत मी तिला एक कार्डही टाकलेलं नव्हतं. लिहावंसं वाटायचं, तेच मी 'लिहिते' म्हणून भरलं होतं. तिला कुणी लिहू देत नव्हतं, तरी तिनं खरं सांगितलं. मला कुणी अडवलं नव्हतं.

"अहो, स्वतःचाच आकडा खोडता?" सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "उतार खाली येईल की!"

"येऊ दे सर. तो एक खोटा होता."

सरांनी चिठ्ठ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. "पुन्हा दोनशे वेळा करावं लागेल."

"करते. फक्त पंचमीची सुट्टी आत्ताच मांडून ठेवा."

भिंतीवरच्या कॅलेंडरात मी पाहिलं. एकोणीस दिवस होते. त्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसणार होते.