देणाऱ्याच्या जिभेवर

सावळीच्या वाडीत औषध कुणी नुसतं हातावर ठेवत नाही. देणाऱ्याने ते आधी घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत आपल्या जिभेवर ठेवायचं, गिळायचं, आणि मगच पुढे करायचं. कडू असो, तुरट असो, तोंड वाकडं करायचं नाही. शेंबडी पोरंसुद्धा विचारतात, "चाखलंस काय गो?" तेवढं झालं की विश्वास बसला. दुसरी सही नाही, शिक्का नाही.

दिवाळी सरली की टोकावड्याच्या बाजूची माणसं वीटभट्ट्यांवर निघतात, ती पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. ट्रक भरायच्या आदल्या दिवशी झाडपाल्याचं औषध देणाऱ्या सावळीच्या ओट्यावर बायका बसलेल्या असत. घरागणिक एक पोटली. त्यात कुड्याची वाळकी साल, सुंठ, ओवा, हिरडा, करंजाच्या तेलाची बाटली. शिवाय दवाखान्याच्या आशाताईंकडून मागून आणलेली मीठसाखरेची पाकिटं आणि रक्ताच्या लाल गोळ्या. सावळी निवडून निवडून द्यायची. "तुला दिवस गेल्यात, तुला साल नाय. तू लाल गोळ्या घे, नि रोज घे, पिशवीत ठेवायला नाय दिल्या." प्रत्येक पोटलीत एक कागद असे. त्यावर फक्त दवाखान्याच्या गाडीचा नंबर, एकशे आठ, लिहिलेला.

"चार जुलाब झाले का माझं औषध संपलं," ती दटावायची. "मग पाणी पाजत सरळ दवाखाना. माझ्या नावानं बसून नाय राहायचं."

साल काढायला जाताना ती कुड्याला हात जोडून म्हणायची,

*कुड्याच्या गो झाडा, तुझी साल मी मागते*
*बाळी माझी परदेशी, तिच्या पोटाला राखते.*

बाळी तिची धाकटी बहीण. आईमागे सावळीनेच वाढवलेली. ती गेल्या हंगामात भट्टीवर गेली ती गेलीच.

बाळीचा नवरा हरेश एकटा परत आला तेव्हा त्याच्या हातात एक हिरवा डबा होता. 'प्रवास व आपत्काल आरोग्य किट. बारा वनौषधी, वीस जीवनसत्त्वं. आता दवाखान्याची गरज नाही.' आणि वर सावळीचा फोटो. हसरी सावळी, बोट जिभेवर ठेवलेली.

"मुरबाडच्या स्टँडवर घेतला, ताय," हरेश जमिनीकडे बघत म्हणाला. "बाळी बोलली, आता तायचीच पोटली डब्यात मिळते. तू दिलेली तिनं ट्रकातल्या एका बाईला देऊन टाकली. जुलाब लागले तवा मी बोललो, गाडी बोलवू. तर बोलली, ताय चाखताना दिसते ना वर? मग भिऊ नको. दोन दिस पूड खात राहिली."

तो फोटो कुठला, ते सावळीला लगेच आठवलं. टोकावड्याच्या बाजारात मुरबाडचा किशोर मोबाइल घेऊन उभा होता. "मावशी, हस की जरा. तुझं औषध जगाला दाखवू." ती एका म्हातारीला हिरडा चाखून देत होती. हसली होती.

तिने डबा कोनाड्यात ठेवला. रोज चूल पेटवताना त्याच्याकडे बघून ती एकच नाव घ्यायची. किशोर. पाऊस आला, भात लावला, भात कापला. नाव शिळं झालं नाही.

पौषात किशोर स्वतःच जीप घेऊन वाडीवर आला. बाळीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं.

"मावशी, म्हशाच्या जत्रेला स्टॉल टाकतोय. घाटात फिरायला जाणारे लोक येतात, भट्टीवाले येतात. तू नुसती उभी राहा. फोटोत केलंस तसं करायचं, बोट जिभेवर. बस."

"आन् काय?"

"दोन दिवस आधी शेडमध्ये ये. पाकिटं भरायला हात कमी पडतात."

"येते ना," सावळी म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की दारातला हरेश दचकला.

शेडमध्ये ती निघाली तेव्हा तिच्या कनवटीला जेपाळाच्या सोळा बिया होत्या. जेपाळ म्हणजे जमालगोटा. सोळा बियांची पूड ड्रममध्ये मिसळली असती तर जत्रेत किशोरचं नाव लोकांनी शौचाच्या वाटेवर घेतलं असतं, आणि काही नाव घ्यायलाही उरले नसते. किशोर जेवायला गेला. ड्रमपाशी ती एकटी. तिने बिया तळहातावर घेतल्या. मग ड्रममधल्या पुडीत हात घातला, वास घेतला, आणि तिला दिसलं ते किशोरचं पोट नव्हे. ट्रकमध्ये बसलेली, डबा छातीशी धरलेली कुणाची तरी बाळी दिसली. हे किशोर खाणार नाही. तो कधीच खाणार नाही.

ती उठली, शेडमागच्या गटारात बिया टाकल्या आणि परत येऊन पाकिटं भरू लागली. कधीच खाणार नाही, हे मात्र तिने मनाशी बांधून ठेवलं.

म्हशाच्या जत्रेत दुपारी बैलबाजाराची धूळ पार स्टॉलपर्यंत येत होती. मागे सावळीचा पुरुषभर उंच बॅनर. भट्ट्यांवरून एका दिवसाची सुट्टी काढून आलेली वाडीवाडीची माणसं जमली. तायला बघायलाच जमली.

"या, या! हीच ती मावशी!" किशोर माइकवर ओरडला. "बघा, स्वतः चाखून देते! मावशी, चाख."

सावळीने पाकीट फाडलं. बोटावर पूड घेतली, उचलली, आणि थांबली.

"डबा कोण देतो रे?" तिने मोठ्याने विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्यात जो देतो तो चाखतो. डबा तू देतोस. ये, चाख."

गर्दी हसली. "बरोबर बोलते! चाख की, किशोरशेठ!"

किशोरही हसला. वाकून त्याने पाकिटात बोट बुडवलं, तोंडाकडे उचललं. तेव्हा सावळी त्याच्या कानाशी लागली. आवाज हळू, झोपत्या पोराशी बोलावा तसा.

"बाळी माझी बहीण होती. तुझा डबा खात मेली. परवा ड्रमपाशी मी एकटी होते. येताना कनवटीला सोळा जेपाळ होते. आता एक नाय."

किशोरचं बोट तिथेच हवेत राहिलं.

ही एकच घटका सावळीची होती. त्याने बोट तोंडात घातलं असतं तर बॅनर उभा राहिला असता, डबे खपले असते, आणि बाळी खोटी ठरली असती. सावळी श्वास धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"माझा... माझा आज उपास आहे," किशोर म्हणाला.

"उपास?" एक म्हातारी फिस्सकन हसली. "मगाशी मिसळीत पाव बुडवताना पायला की रं तुला!"

"चाख रे!"

"स्वतःचंच नाय खात!"

किशोर मागे सरला. त्याच्या ओठांवर घाम आला होता. "हिने विष घातलंय!" तो ओरडला. "विष आहे त्यात!"

सावळीने हातातलं पाकीट तोंडात उपडं केलं. सगळ्यांदेखत चावलं, गिळलं. दुसरं फाडलं, तेही खाल्लं. तोंड वाकडं केलं नाही.

"तांदळाचं पीठ हाय," ती म्हणाली. "हळद हाय. थोडा लाकडाचा भुसा. यात विष नाय आन् औषधबी नाय. यावर माझं तोंड चिकटवलं म्हणून माझ्या बाळीनं गाडी नाय बोलावली."

हरेश पुढे आला आणि त्याने कोनाड्यातला हिरवा डबा किशोरच्या पायाशी ठेवला. मग आणखी एक डबा येऊन पडला. मग आणखी. भट्टीवरून आणलेले, अर्धे खाल्लेले, पिशव्यांतून निघालेले. किशोर जीपकडे निघाला तर कुणी वाट देईना. धक्काबुक्की नाही, शिवी नाही. जो समोर येई तो पाकीट फाडून त्याच्या तोंडाशी धरी आणि म्हणे, "चाख." जीप लांब होती.

सावळीने कोयतीने बॅनरवरचा आपला चेहरा कापून घेतला, गुंडाळला आणि काखेत मारला.

परतताना भाड्याच्या जीपमध्ये हरेशने विचारलं, "आता बरं वाटतं काय गो, ताय?"

"नाय."

बराच वेळ ती दातांत अडकलेला भुसा जिभेने काढत राहिली. टोकावडं आलं तेव्हा म्हणाली, "पण त्याचं बोट हवेत राहिलं ना, तेवढं पायलं. तेवढं बाळीनं बघाय पायजे होतं."