तोकिए-सानचं परसदार

नागासाकीच्या टेकडीवर गाडी जात नाही अशा गल्ल्यांत मुनेओने छत्तीस वर्षं पायी टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर त्याने कॅमेरा घेतला, आणि ज्या पायऱ्यांनी गुडघे खाल्ले त्याच पायऱ्यांवर कुणाला ठाऊक नसलेल्या जागा हुडकत हिंडू लागला. पर्यटक खाली दगडी पुलापाशी गर्दी करतात, करू देत बापडे. मुनेओकडे स्वतःच्या चाळीस जागा होत्या, आणि त्यांतली सगळ्यांत लाडकी म्हणजे तोकिए-सानचं परसदार.

तोकिए-सान, म्हणजे तोकिएबाई, अठ्ठ्याऐंशीची, एकटी. दोनशे अकरा पायऱ्या चढल्या की तिचं घर. परसदारात संत्र्याचं झाड, कपडे वाळवायचे दोन बांबू, आणि त्यांच्यामधून थेट खाली बंदर, क्रेन, बोटी, सगळं. मुनेओ पाच वर्षं तिथं जात होता. तिने कधी आडकाठी केली नाही. तिचं मागणं एकच होतं.

"अहो पोष्टमन, एकदा माझाही काढा की. मेल्यावर अंत्यविधीला फुलांत ठेवायला. नणंदेचा फोटो ऐनवेळी लग्नाच्या घोळक्यातून कापून काढला, तर खांद्यावर कुणाचा तरी पंजा तसाच राहिला! मंत्र चाललेले आणि मी आपली पंजाकडे बघतेय. मला बाई तसलं नको."

"काढू हो, काढू. आज ऊन फार कडक आहे."

कधी ऊन कडक, कधी आभाळ. खरं सांगायचं तर माणसांत त्याला काडीचा रस नव्हता. म्हातारी चौकटीत आली की म्हणायचा, "तोकिए-सान, जरा तिकडे सरका." ती बिचारी बादली उचलून सरकायची, वर त्याला चहा पाजायची.

त्याच्या फोटोमंडळाची एक रीत होती. फोटो कितीही आवडो, जागा कुठली हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. यंदाच्या प्रदर्शनात परसदाराच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. मंडळातल्या कुबोयामाने तोंडभरून कौतुक केलं, जागेबद्दल चकार शब्द काढला नाही. पण भिंतीवरून फोटो उतरवायला तोच होता, आणि उतरवताना त्याने तो उलटा केला. मागे मुनेओच्या सुबक अक्षरात तोकिए-सानची गल्ली, घर क्रमांक, पिनकोडसकट पूर्ण पत्ता! जन्मभर अर्धवट पत्त्यांवर खेकसलेला माणूस. बिनपत्त्याचा कागद त्याच्या हातून सुटेल तर शपथ.

पंधरा दिवसांनी तांदळाच्या दुकानात मुनेओच्या कानावर आलं की कुबोयामा कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून टेकडी चढताना दिसला. कुठला पत्ता त्याने कुठे वाचला असेल, हे मुनेओला तिथल्या तिथे उमगलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ते सोडून त्याने राग दुसऱ्यावर काढला आणि तणतणत वर गेला.

"तो कुबोयामा आला होता का?" दारातूनच. नमस्कार नाही, काही नाही.

"आले होते ना. दोनदा. भला माणूस हो."

"भला? चोर आहे चोर! माझी जागा ढापली त्याने."

तोकिए-सान संत्रं सोलत होती. तिने वर पाहिलं. "तुमची? घरपट्टी तर मी भरते."

ती गुडघ्यावर हात देत उठली, आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात उलगडलं.

तिचाच फोटो. निळा स्वेटर, विस्कटलेले पांढरे केस, आणि दात पडलेलं ते हसू, आत्ता काहीतरी खट्याळ बोलेल असं. मुनेओने चुका शोधल्या. उजेड बघितला, डोळे बघितले, कडा बघितल्या. एक चूक सापडेना मेली. आपण पाच वर्षांत हिचं तोंड नीट पाहिलंच नाही, हे त्याला कळलं आणि लाज वाटली. पण मत्सर लाजेहून मोठा निघाला.

"मागचं सगळं धूसर आलंय," तो म्हणाला. "बंदर कुठाय? जागा कुठली, पत्ताच लागत नाही."

"कशाला लागायला हवा? बघणारे इथंच बसलेले असतील की, माझ्याच घरात." तिने फोटो परत कापडात गुंडाळायला घेतला. "त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, बसा. मी बसले. झालं. आणि तुमची मी पाच वर्षं वाट बघितली, पोष्टमन. या वयात रोज सकाळी केस विंचरून कुणाची वाट बघणं सोपं नसतं."

तिने गाठ मारली, बोचकं छातीशी धरलं आणि त्याला दारापर्यंत सोडायला आली.

"तुम्हीही या हं त्या दिवशी," ती म्हणाली. "कॅमेरा मात्र घरी ठेवून या."