बाराव्या शतकातला दरवाजा

आमच्या टेकडीवरच्या किल्ल्यात दगड नावालाही नाही. मातीचा उंच ढीग, भोवती खंदक, आणि त्याला वेढणारा पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. मेंढ्यांना वारा लागत नाही, एवढाच त्याचा आम्हाला उपयोग. तरी मे महिन्यात इतिहास मंडळाची माणसं बूट घालून येतात आणि माझा धाकटा भाऊ इद्वल त्यांना फिरवून आणतो.

यंदा प्रिचर्डबाई आल्या होत्या, विद्यापीठातल्या. बांधातल्या खिंडीपाशी थांबून त्या म्हणाल्या, "हाच मुख्य दरवाजा. बारावं शतक. इथे पाटी हवी."

इद्वलने मान डोलावली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, हा दरवाजा माझ्याहून लहान आहे," मी म्हणाले. "यानेच यंत्र आणून बांध कापलाय. ट्रॅक्टर आत न्यायला."

"ताईचं आता वय झालं," इद्वल हसला. "काल चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता हिने."

सगळे हसले. चष्म्याचं खरं होतं, तेच तर वाईट.

एकोणचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. किल्ल्याच्या मातीला हात लावायला सरकारची बंदी, म्हणून इद्वलने आमचे वडील, आबा, बाजाराला गेलेले असताना गुपचूप काम उरकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात आबा खाद्याचं पोतं घेऊन नेहमीसारखे बांधावरून चालत गेले आणि खिंडीत कोसळले. मान मोडली. कोटाच्या खिशात ब्रँडीची बाटली निघाली, अर्धी. "हल्ली घ्यायचे," इद्वल सगळ्यांना म्हणाला. खिंडीबद्दल कुणी विचारलंच नाही. आमच्या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांची नावं आहेत. त्यातलं आबांचं नाव खोडलं गेलं. त्या रेघेखाली बसायला नको म्हणून आईने शेवटपर्यंत तिथे पाऊल टाकलं नाही.

मंडळी खाली चहाला गेली, तेव्हा मी इद्वलची बाही धरली.

"तुला ठाऊक होतं ते बांधावरून जातात."

"त्या सकाळी चहाच्या वेळी सांगणार होतो गं," तो म्हणाला. "ते चहाला थांबलेच नाहीत."

"आणि बाटली?"

"ती मी नव्हती ठेवली."

"कशासाठी होती ती?"

त्याने तोंड खंदकाकडे वळवलं. "कोकरांसाठी," तो म्हणाला. थंडीने गारठलेल्या कोकराच्या तोंडात चमचाभर ब्रँडी घालतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यालाही होतं.

"मग रविवारी प्रार्थनागृहात उभा राहा आणि एवढंच सांग. खिंडीचं नको सांगूस. बाटलीचं सांग. नाव परत लिहून घे."

"बाटलीचं सांगितलं, तर मग ते पडले कसे विचारतील ना," तो म्हणाला. "आणि ताई, मी आता तिथला वडीलधारा आहे. लोक मला मानतात."

मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडून हा वडीलधारा झाला. मी बाही सोडली.

सप्टेंबरात पाटी लागली. मुख्य दरवाजा, बारावं शतक. खाली लिहिलंय, जागा जपल्याबद्दल श्री. इद्वल प्रोबर्ट यांचे आभार. मी बांधावरून चालत जाते, कडेशी थांबते, आणि आबा जिथे पडले तिथे लोक उभे राहून फोटो काढतात ते बघते.